प्लगच्या मागं

“सर, तुमची बस धूर सोडत नाही म्हणता, मग तिचा धूर जातो कुठं?”

बुद्धप्रियानं विचारलं आणि मागं तिच्या मैत्रिणी श्रीदेवी नि धनलक्ष्मीनं ओढणीत तोंड लपवलं. ‘विचारून दाखव, नाहीतर तू भित्री,’ असं दोघींनी सकाळीच बजावलं होतं.

शिवकुमार सर हायड्रोजन बसवर काम करणारे इंजिनिअर. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून आले होते. भाषण तिथंच सोडून ते थेट तिच्या टेबलापाशी आले. टेबलावर तिची हायड्रोजनवर पळणारी वीतभर गाडी. मागं पांढरा कागद लावलेला बोर्ड, त्यावर भलं मोठं ‘शून्य प्रदूषण’.

“आधी तू सांग. गाडीत हायड्रोजन कसा भरलास?”

“पाण्यात वीज सोडून, सर! आणि गाडी पळाली की परत पाणीच तयार होतं. धूर नाहीच!”

“वीज कुठली?”

“ही काय, प्लगची.”

“आणि प्लगच्या मागं काय आहे?”

भिंत, असं ती म्हणणार होती. तेवढ्यात दारातून मम्मी-पप्पा आले. पप्पा वीज केंद्रातली कोळशाची राख सिमेंट कारखान्यात नेणारा टँकर चालवायचे. कामावरून तसेच आले होते. भुवया पांढऱ्याफट्ट. मम्मी पदरानं त्यांचा कान पुसत होती.

बुद्धप्रियाचं हसू गेलं.

“कोळसा,” ती म्हणाली.

“बरोबर. माझ्या बसचंही तेच. हायड्रोजन कसा केला, टाकी कुठं बनली, मोडल्यावर कुठं जाणार, हे सगळं मोजल्याशिवाय शून्य म्हणता येत नाही.” सरांनी आवाज खाली आणला. “पण बोर्ड राहू दे. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी तुझंच मॉडेल निवडलंय. बाकीच्या परीक्षकांना ते शून्यच आवडलंय. सगळे तसंच लिहितात.”

सर पुढच्या टेबलाकडे वळले. पप्पा बोर्डवर बोट ठेवून वाचायला लागले.

“शून्य... प्रदूषण. जिल्ह्याला व्हय! आमच्या टँकरच्या लाइनीत सगळ्यास्नी सांगतो बघ. लई भारी केलंस की, पोरी!”

“अवो, हात काढा आधी,” मम्मी ओरडली. “राख लागंल त्याला. पांढरा कागद हाय.”

पप्पांनी चटकन हात मागं घेतला. पँटला पुसला. पँटवरही राखच होती.

बुद्धप्रियानं बोर्डच्या टाचण्या काढल्या.

“अगं, काय करायलीस?”

“हा बोर्ड घेऊन मी जिल्ह्याला जाणार नाही, मम्मी. सगळ्या परीक्षकांना सांगून येते. निवड गेली तर जाऊ दे.” मग ती पप्पांकडे वळली. “आणि रविवारी मी तुमच्या टँकरमधून येणार. राख कुठं भरतात, कुठं उडते, सगळं बघणार. मगच आकडा लिहिणार.”