परवाची चवळी

"काकू, खरं सांगा. काकांनी सकाळी काय खाल्लं?"

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई ऑपरेशन थिएटरमधून धावतच बाहेर आल्या होत्या. हर्नियाचं साधं ऑपरेशन. पण भूल देताच ह्यांना उलटी झाली, ती फुप्फुसात उतरली आणि आता श्वास मशीनवर होता.

माझं डोकंच फिरलं. "चोरून खाल्लं असणार! शुगर निघाल्यापासून हाच उद्योग आहे. काय निघालं पोटातून? बर्फी?"

"चवळी. अख्खे दाणे."

चवळीची उसळ मी परवा रात्री केली होती. काल दिवसभर ह्यांनी ताकाशिवाय काही घेतलं नव्हतं.

"परवाची?" बाईंचा चेहरा उतरला. "शुगरसाठी आठवड्याचं इंजेक्शन घेतात का? त्यानं भूक मरते, पण पोटातलं अन्नही लवकर पुढे सरकत नाही."

"घेतात ना. दर रविवारी मीच टोचते." मी पर्समधली गोळ्यांची यादी पुढे केली. "पण तुम्ही गोळ्या विचारल्यात हो! गोळ्या मी सगळ्या सांगितल्या."

त्या आत धावल्या.

सकाळी स्ट्रेचरवरून हे म्हणाले होते, "उपाशी आहे असं वाटतच नाही गं. पोट गच्च भरलंय."

"बरं झालं," मी हसले होते, "आज तरी चोरून खाणार नाही तुम्ही."