हनियाचा रोजा

मोरोक्कोतल्या फेज शहराच्या एका गल्लीत रमजान लागल्यापासून एकच कुजबुज होती, की म्हाताऱ्या हनियाचं तोंड दिवसभर चालूच असतं. गल्लीच्या भट्टीवर रोट्या भाजायला आलेल्या बायकांसमोर शेजारच्या झुबिदाने तिला सरळ टोकलं, "काय गं, रोजा आहे ना? मग चघळतेस काय एवढं? निदान भिंतीकडे तोंड करून तरी खा!"

"देवाशप्पथ, तोंडात काही नाही गं," हनिया म्हणाली, पण जबडा हलायचा थांबला नाही.

"चारचौघांत शोभा केलीस माझी!" घरी तिचा मुलगा तय्यब ओरडला. त्या दिवसापासून हनिया माडीवर एकटीच रोजा सोडू लागली.

पुढच्या आठवड्यात तय्यब आईच्या गोळ्या आणायला गेला, तेव्हा दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आईचं तोंड आपोआप हलतं का हो?"

"हो, रोजा असूनही दिवसभर काहीतरी चघळत असते," तो म्हणाला.

"चघळत नाहीत त्या. भास थांबवणाऱ्या या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की कधीकधी असं होतं. त्यांच्या हातात नसतं ते. गोळ्या मनाने बंद करू नका, त्यांना घेऊन या इथे."

संध्याकाळी अजान झाली, तसा तय्यब माडीवर गेला आणि पहिला खजूर त्याने स्वतःच्या हाताने आईच्या तोंडात ठेवला. जिभेने तो बाहेर ढकलला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही.

हनियाने मांडीवर पडलेला खजूर उचलला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.


"तू जा, जेवून घे रे बाळा. माझा रोजा सुटायला रोज तासभर लागतो."