निर्वात पेटीचं उद्घाटन

सेलूच्या कॉलेजात पद्मजा मॅडमच्या निर्वात पेटीत सकाळपासून काचेच्या तुकड्यावर ॲल्युमिनियम नायट्राइडचा थर चढत होता. थर केसाहून कितीतरी पातळ आणि डोळ्यांना न दिसणारा, पण मॅडमच्या पीएचडीची सगळी भिस्त त्याच्यावरच होती. पेटी तशी वर्षभर चालूच होती. उद्घाटन तेवढं राहिलं होतं. आज संस्थाध्यक्ष आबासाहेबांना सवड झाली.

फीत कापून आबासाहेब म्हणाले, "उघडा की आता. फीत कापली अन् दार बंदच, आसं कुठं आसतंय?"

"साहेब, तापलेल्या थराला हवा लागली की तो वाया जातो. संध्याकाळपर्यंत थांबलं तर..."

"मॅडम," प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले, "फोटोग्राफर खोळंबलाय."

मॅडमनी मशीन बंद केलं. फुस्स करून हवा आत शिरली, दार उघडलं, टाळ्या पडल्या.

आबासाहेबांनी चष्मा सावरत आत डोकावून काच नीट निरखली आणि ते मोठ्या मायेनं म्हणाले,



"कोरीच हाय की अजून! काळजी करू नका मॅडम, आता उद्घाटन झालंय. उद्यापासून बिनघोर कामाला लागा."