कुणाचं नेट जातंय

“गेलीस! परत गेलीस!” राउनो ओरडला आणि उघडं तोंड तसंच ठेवून पडद्यावर थिजला.

हिल्काने माइक बंद करून लॅपटॉपला एक सणसणीत शिवी हासडली. फिनलंडमधल्या कुहमो गावच्या त्या बर्फात ती ऐकायला फक्त तिचे सहा कुत्रे होते. घसरगाडी ओढणारे दांडगे कुत्रे. या हिवाळ्यात त्यांच्या कानावर इतकं काही पडलं होतं, की हल्ली ते मानही वर करत नसत.

थोड्या वेळाने राउनो हलला. “हे बघ हिल्का, दर मीटिंगला तुझं हेच. मी साहेब आहे का भिंतीशी बोलणारा वेडा आहे? घरी बसून कामं होत नसतात. आता एकदा जरी तुझं नेट गेलं ना, तर एक तारखेपासून एस्पोला यायचं. ऑफिसात. रोज.”

एस्पो सहाशे किलोमीटरवर. तिथल्या भाड्याच्या खोलीत सहा कुत्रे कोण ठेवून घेणार? म्हणजे कुत्रे विकायचे.

बाकीचे आठ सहकारी आपापल्या गावांतून, आपापल्या चौकटीत बसून होते. कुणी हललं नाही. फिनलंडमधली मीटिंग अशीच असते. विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही, पापणीसुद्धा बेतानेच लवते. त्यामुळे नेट कुणाचं गेलंय आणि कोण नुसतं ऐकतंय, हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीच्या आयटीवाल्या नीलोला फोन लावला.

“बॅटरी वाचवायची सेटिंग बंद केलीस?” नीलोने विचारलं.

“केली.”

“ड्रायव्हर नवा टाकलास?”

“टाकला. मग जुना टाकला. मग परत नवा.”

“राउटर बदलून बघ.”

“जुना बर्फात भिरकावलाय. वसंतात सापडेल.”

“मायक्रोवेव्हमुळे कधीकधी...”

“तो कुत्र्यांच्या खोपटात नेऊन ठेवलाय. नीलो, माझं डोकं फिरवू नकोस! आता मी लॅपटॉपला वायर जोडून बसलेय. वायरलेस शिल्लकच नाही, तरी तो म्हणतो, गेलीस!”

नीलोने त्याच्या बाजूने काहीतरी तपासलं.

“तुझं काहीही तुटत नाहीये,” तो शेवटी म्हणाला.

“मग कुणाचं तुटतंय?”

“हिल्का, मला ही नोकरी आवडते गं,” असं म्हणून नीलोने फोन ठेवला.

पुढच्या मीटिंगला राउनोने सुरुवातच एकत्र बसून काम करण्याच्या महत्त्वापासून केली. तिसऱ्या वाक्याला तो थिजला. या वेळी हिल्काने शिवी दिली नाही. पडद्याला नाक लावून तिने साहेबांकडे नीट पाहिलं. इतका वेळ न हलणारा साहेब तिला पूर्वी कधी बघायला मिळाला नव्हता.

त्याच्या पाठीमागे लाकडी फळ्या होत्या. त्याच्या उन्हाळी बंगलीच्या असतील, असं सगळे धरून चालले होते. पण आज त्याचा लॅपटॉप जरा कलला होता. फळ्यांच्या खाली पायरीसारखं बाक दिसत होतं. बाकाशेजारी दगडांनी भरलेली शेगडी. खिळ्याला दगडांवर पाणी मारायची पळी.

सॉना! उघड्या अंगाने वाफ घेत बसायची लाकडी खोली. आणि फिनलंडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की सॉनाच्या फळ्यांमागे वाफ अडवायला चहूबाजूंनी फॉइल ठोकलेली असते. दार लावलं की नेटही आत शिरत नाही, आतला लॅपटॉप म्हणजे डब्यातला मासा.

राउनो हलला. “गेलीस! पाहिलंत ना सगळ्यांनी?”

“राउनो,” हिल्का म्हणाली, “तुम्ही सॉनात बसलायत का?”

आठही चौकटींत एकदम हालचाल झाली.

“तापवलेला नाहीये,” राउनो म्हणाला.

“आणि अंगात कोट?”

कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. गार सॉना आणि त्यात कपडे घातलेला माणूस. असलं काही त्या मंडळींनी जन्मात पाहिलं नव्हतं.

“हिल्का, मी तुझा साहेब आहे, एवढं तरी...”

“सॉनात कुणी साहेब नसतो,” पेन्शनला टेकलेली मार्केत्ता म्हणाली. मीटिंगमध्ये ती आजवर एक शब्द बोलली नव्हती.

सॉनाच्या बाकावर मंत्री आणि त्याचा ड्रायव्हर उघडेवाघडे शेजारी बसतात आणि सारखेच असतात. हा नियम मोडायची छाती तिथे कुणाचीच नाही.

हिल्काची अडचण वेगळीच होती. सॉनात आवाज चढवायचा नसतो, हाही नियमच. त्यामुळे हिवाळाभरचा संताप तिला चर्चमध्ये बोलावं तशा हळू आवाजात काढावा लागला. तिने राउनोला हळूच गाढव म्हटलं. राउटरबद्दल सांगितलं, मायक्रोवेव्हबद्दल सांगितलं. “तुमच्या फॉइलपायी मी माझे कुत्रे विकायला निघाले होते,” ती कुजबुजली. “एवढं मोठं घर आहे ना तुम्हाला? चांगल्या खोल्या सोडून सॉनात काय अंडी उबवताय?”

राउनो उठला. त्याने दार उघडलं. पडद्यावरचं चित्र एकदम लख्ख झालं आणि त्याबरोबर आवाज आत घुसले. फोन वाजत होते, खुर्च्या सरकत होत्या, कॉफीचं मशीन घरघरत होतं, चारपाच जण एकाच वेळी आपापल्या फोनवर बोलत होते. राउनोने घाईघाईने दार अर्धं लोटलं.

“माझ्या घरचा नाहीये गं हा,” तो हळूच म्हणाला. “एस्पोच्या ऑफिसातला सॉना आहे. बाहेर इतका कालवा असतो, की बसून काम होतच नाही.”