सुतळीच्या गोळ्यापाशी

"तुमी जा. माहे पाय दुखतेत," गिरजाबाई म्हणाल्या आणि मोटरहोमच्या मागच्या बाकावर खिडकीशी सरकून बसल्या.

आईचे पाय दुखत नाहीत, हे राजारामला पक्कं ठाऊक होतं. प्रवासाच्या पाच दिवसांत ती बुटाच्या आकाराचं दुमजली घर बघायला उतरली नव्हती. सिमेंटचा हिरवा डायनासोर तिनं काचेतूनच पाहिला. आज कॅन्ससमधल्या एका गावात हत्तीएवढा सुतळीचा गोळा होता. कुण्या शेतकऱ्यानं उरलीसुरली सुतळी वर्षानुवर्षं गुंडाळून तो केला होता आणि लोक मैलोन्‌मैल गाडी हाकत तो बघायला येत होते.

१९८४चा जुलै होता. झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली ही गाडी भाड्याची होती आणि बेत श्रीरंगचा. श्रीरंग आणि त्याची बायको सुमेधा मूळचे पुण्याचे. स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत असताना राजारामची त्यांच्याशी ओळख झाली, त्याला अकरा वर्षं झाली होती. राजारामची आई नागपूरहून पहिल्यांदाच आली म्हटल्यावर श्रीरंग म्हणाला होता, "काकूंना अमेरिका दाखवू यार. मी ड्राइव्ह करतो, तू नुसता बस."

निघायच्या आदल्या दिवशी राजारामनं आईला समोर बसवलं होतं.

"त्यांच्यासमोर जयभीम म्हणू नकोस. विहाराचा विषय काढू नकोस. आडनाव विचारलं तर नागपूरकर सांग."

"आपण कवा झालो नागपूरकर?"

"इथं झालो."

आईनं मान हलवली आणि त्या दिवसापासून ती जवळजवळ बोलायचीच थांबली. सुमेधानं सहज विचारलं, "काकू, तुमचं माहेर कुठलं?" तर तिनं आधी मुलाकडे पाहिलं. भाजी आवडली का विचारलं, तरी आधी मुलाकडे. राजाराम ती नजर चुकवायचा. पाय दुखतात, हे तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. गाडीतच बसून राहिलं म्हणजे चुकायची भीती नाही.

अमेरिकेत आला तेव्हा तो राजाराम गजभियेच होता. चौघं मराठी मुलं एका अपार्टमेंटमध्ये राहत होती. आडनावावरून जात कळली, तशी एकानं स्वयंपाकाची पाळी वेगळी मागून घेतली. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. उलट सगळे जरा जास्तच गोड वागायला लागले. वर्षभरात त्यानं ते घर सोडलं. पुढे जो भेटला त्याला त्यानं नागपूरकर सांगितलं. श्रीरंग त्यानंतर भेटलेला. नागरिकत्व घेताना तेच आडनाव कायद्यानंही लागलं.

एवढ्यात श्रीरंगची आठ वर्षांची दीपा धावत गाडीत शिरली. "आजी, कम ऑन! यू हॅव टू साइन द बुक!" तिनं हात धरून ओढलं आणि गिरजाबाईंना उतरावंच लागलं.

गोळा एका उघड्या शेडखाली होता. शेजारच्या टेबलाशी एक म्हातारी गोरी बाई नोंदवही घेऊन बसली होती. तिनं हसून वही गिरजाबाईंकडे फिरवली.

"काकू, मराठीत लिहा हं," सुमेधा म्हणाली. "या वहीत मराठी पहिलंच असेल."

विहारातल्या रात्रीच्या वर्गात, चाळिशी उलटल्यावर आई अक्षरं शिकली होती. पूर्ण नाव तिला एकाच पद्धतीनं लिहिता येत होतं, गजभिये लावून.

"आण आई, मी लिहितो," त्यानं पेनासाठी हात पुढे केला.

"मले येते," ती म्हणाली.

ती वाकली. गिरजाबाई, तिनं लिहिलं. सोनबा, लिहिलं. मग पेन थांबलं. राजारामला वाटलं, आता वही ओढून घ्यावी. पण पेन पुन्हा टेकलं. अडखळत, एकेक अक्षर पाडत तिनं 'नागपूर' लिहिलं. एसटीच्या पाट्यांवरून तो शब्द तिला येत होता. त्यापुढचं 'कर' तिनं स्वतःच्या मनानं जोडलं. 'क' वाकडा झाला, तो तिनं पुन्हा गिरवला.

सोनबा नागपूरकर. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती. मुलगा खोटा ठरू नये म्हणून आईनं मेलेल्या नवऱ्याचंही नाव बदललं होतं.

"बराबर लिवलं ना?" तिनं हळूच विचारलं.

राजारामला तिच्याकडे बघवेना. त्यानं पेन घेतलं आणि खालच्या ओळीत लिहिलं: राजाराम सोनबा गजभिये.

"गजभिये?" श्रीरंग वाकून वाचत म्हणाला. "हे कोण?"

"मी. आमचं आडनाव हेच. नागपूरकर मी केलं, आणि आईला खोटं बोलायलाही मीच लावलं."

श्रीरंग बघतच राहिला. "अकरा वर्षं, राजाराम? का?"

"भीती वाटत होती."

"आमची?"

"हो."

श्रीरंगनं मान खाली घातली. सुमेधा वहीवरून नजर काढीना. तिच्या मनात काय चाललंय, ते चेहऱ्यावरून काही कळेना. अजून आठवडाभर याच गाडीत, एकाच टेबलाशी सगळ्यांना जेवायचं होतं. ते ठाऊक असूनही राजारामनं लिहिलेलं खोडलं नाही, पेन खाली ठेवलं.

गिरजाबाईंनी ते उचललं. आपल्या ओळीतल्या शेवटच्या शब्दावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: गजभिये.

तो शब्द लिहिताना त्यांचा हात एकदाही अडखळला नाही.