निळी फीत

“उद्घाटन झाल्याशिवाय गेमची स्पर्धा नाही,” हेडसर अडून बसले, म्हणून सरपंच रूपरावजींना बोलावलं. हॉलमधले कम्प्युटर लॅबशी जोडणारी निळी वायर पायात येईल म्हणून दहावीतल्या रजतनं दारात कमरेइतकी उंच ताणली होती. रूपरावजींनी तीच फीत समजून कापली. टाळ्या वाजल्या. माऊस धरून बसलेल्या पोरांनी बोंब मारली. “मले काय मालूम? उद्घाटनाले बोलावता अन् फीत नाई बांधत!” रूपरावजीच तापले. रजतनं दातांनी तारा सोलल्या, रंगाला रंग जोडला. गेम एकदाचा लागला. तेवढ्यात हेडसर आले. “पवनारचे पाहुणे पोचले. त्यांच्याही हातून होऊन जाऊ द्या.” रजत हात पसरून वायरीपुढे उभा राहिला. वर्गातल्या समीक्षानं एका वेणीची लाल रिबीन सोडून दाराला बांधली, कात्री हेडसरांना दिली. “सर, अजून कोनी येनार असन तं सांगजा. दुसरी वेनी हाय.”