उशाजवळची बेल

आईला माझ्याच वॉर्डात ठेवलं तेव्हा सगळे तिला म्हणाले, "नशीब काढलंत काकू, घरचीच नर्स मिळाली." दुसऱ्या नर्सची जागा कधीची रिकामी होती, त्यामुळे अख्खा वॉर्ड माझ्या एकटीच्या गळ्यात. ज्याची बेल वाजेल त्याच्याकडे मी धावायचे आणि जाता जाता आईला म्हणायचे, "आलेच हं." तिची बेल मात्र कधीच वाजायची नाही.

त्या दुपारी सगळ्या बेल एकदाच्या गप्प झाल्या. वॉर्डाकडे पाठ करून मी खुर्चीत बसले, बूट काढले आणि सकाळचा गार चहा प्यायले. मग उठून आईकडे गेले, तर तिचा श्वास थांबला होता. डॉक्टरांनी आणि मी खूप धडपड केली, पण ती गेली.

सगळं आटोपल्यावर मी तिच्या उशाजवळची बेल दाबून पाहिली. खणखणीत वाजली.

शेजारच्या कॉटवरच्या आजी मान खाली घालून म्हणाल्या, "त्यांना धाप लागली तशी मीच बेल दाबायला गेले गं. त्यांनी माझा हात धरला.

म्हणाल्या, थांबा जरा, पोर आत्ताच टेकलीये."